गिऱ्हाईक गुन्हेगार निघाला, तर बँकेने का भरायचं?

नवा पीओ, चाळीसगाव
मंडळी, बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) म्हणून लागून मला आठ महिने झाले. परवा धुळ्याला ट्रेनिंगमध्ये केवायसीच्या तासाला जेफ्री एपस्टीन या अमेरिकेतल्या धनाढ्य माणसाचं प्रकरण निघालं. त्याच्या अत्याचारांना बळी पडलेल्या बायकांना जेपी मॉर्गन या अमेरिकन बँकेने २०२३ मध्ये २९ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, असं सरांनी सांगितलं आणि तेवढ्यात चहा आला. पाप त्याचं, बँकेत नुसतं खातं. मग पैसे बँकेने का द्यायचे? आणि उद्या माझ्या शाखेत असा कुणी निघाला तर माझ्या मानेवर येईल का?

धुळे कोर्टातला वकील
खातं होतं म्हणून नाही. अमेरिकेच्या मानवी तस्करीविरोधी कायद्यात २००८ ला सुधारणा झाली. या धंद्यातून ज्याने फायदा उचलला, आणि ज्याला हे ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला हवं होतं, त्याच्यावरही पीडितेला दावा लावता येतो. 'असायला हवं होतं' हेच बँकांना नडलं. एपस्टीन १९९८ पासून २०१३ पर्यंत त्यांचा खातेदार. मधे २००८ ला फ्लोरिडात त्याने गुन्हा कबूल केला, त्यात अल्पवयीन मुलीचं प्रकरण होतं. तरी पुढे पाच वर्षं खाती चालूच. दावा काढून टाका म्हणून बँक कोर्टात गेली, पण न्यायाधीश रेकॉफ यांनी तो पूर्ण काढला नाही. मग तडजोड. मात्र बँकेने दोष मान्य केलेला नाही आणि निकालही लागलेला नाही, तेव्हा 'कोर्टाने दोषी ठरवलं' असं कुठे लिहू नका.

आपल्याकडे पीडितेला थेट बँकेवर दावा लावता येईल असं वेगळं कलम नाही. पिटा कायद्यातले (वेश्याव्यवसायासाठीच्या तस्करीविरोधी कायद्यातले) काही गुन्हे मनी लाँडरिंग कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे संशयास्पद व्यवहार कळवणं बँकेला बंधनकारक. नाही कळवलं तर दंड, पण तो सरकारजमा. त्या बाईच्या हातात त्यातलं काही येत नाही.

भुसावळकर
आमच्या आईचं खातं केवायसीपायी दोनदा गोठवलं. शिल्लक १,८४० रुपये. तिच्यावर बरी नजर असते!

आबा, रिटायर हेड कॅशियर, सावदा
बेटा, वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी काउंटर सांगतो.

जेपी मॉर्गनने सोडल्यावर हा माणूस डॉइश बँकेत गेला. सगळं जगजाहीर असताना त्यांनी घेतला. न्यूयॉर्कच्या बँक नियामकाने २०२० मध्ये त्यांना १५ कोटी डॉलर दंड केला, तो आदेश वाचून मी हसलोच. त्याचा वकील चार वर्षांत ९७ वेळा रोख काढायला आला, दर खेपेला ७,५०० डॉलर. का? दुसऱ्याच्या वतीने एका वेळी तेवढेच काढायची त्या बँकेत मुभा. वर विचारतो, अलर्ट न येता किती वेळा काढता येतील! अरे, आपल्याकडे पॅन नको म्हणून ४९ हजारांची स्लिप भरणारे मी वर्षानुवर्षं पाहिले. माणूस तोच, फक्त टाय लावलेला.

नुसत्या रोखीला घाबरू नकोस. केळीच्या कापणीला रावेर-सावद्याचा व्यापारी आठवड्याला सात-आठ लाख उचलतो, मजुरी आणि गाडीभाडं रोखच असतं. त्यात काही नाही. माणूस आणि व्यवहार यांचा मेळ बसतो का, ते पाहा.

माझ्या एका शाखेत (नाव नको) एकाच आठवड्यात चार मुलींची बचत खाती उघडली. चौघींचा मोबाईल नंबर एक, ओळख देणारा एक, तो स्टेशनजवळचा लॉजवाला. पैसे परगावाहून यायचे, तीन-तीन हजार, आणि रात्रीच एटीएममधून निघायचे. एक दिवस त्यातली एक त्याच्यासोबत काउंटरवर आली. बारीक आवाजात म्हणाली, "काका, माझ्यात किती हायेत?" मी पासबुक छापून तिच्यापुढे सरकवलं. त्याने ते तिच्या हाताखालून उचललं आणि शर्टाच्या खिशात घातलं. खिशात आणखी तीन पासबुकं दिसत होती.

मी मॅनेजरला लिहून दिलं. ते म्हणाले, "आबा, मार्च आहे, खाती मोजतात वरून." मी परत लिहिलं, तारीख घालून, आणि पोचवर सही घेतली. मग कुठे ते वर गेलं. तुझ्या मानेचं विचारलंस ना, तो पोचेचा कागद म्हणजे तुझी मान. तोंडी सांगितलेलं कुणालाच आठवत नाही. आणि खातेदाराला त्याचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही, तोही नियमच आहे.

नवा पीओ, चाळीसगाव
समजनं आबा. उद्यापासून पोच घेतो. पण त्या मुलीचं पुढे काय झालं?

आबा, रिटायर हेड कॅशियर, सावदा
नाही कळलं. वर पाठवलेल्या कागदाचं उत्तर खाली येत नाही. माझी बदली होईपर्यंत मधूनमधून तिचं खातं उघडून पाहायचो. शिल्लक ३१२ रुपये, शेवटचा व्यवहार जूनमधला.