मदत हवी आहे: फ्रेंच वाचून कळतं, ऐकून काहीच कळत नाही

झुळूक
फ्रेंचची पहिली पातळी ए१ संपली, दुसरी ए२ अर्ध्यावर आलीय. सगळं ऑनलाइनच. ॲप रोज न चुकता, शिवाय आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर शिकवणी. चाचणीत वीसपैकी सतरा-अठरा पडतात. लिहिलेलं समोर आलं तर कळतं. पण समोरचं माणूस बोलायला लागलं की डोक्यात एक शब्द शिरत नाही. दीड महिना हेच चाललंय. यातून कुणी गेलं असेल तर नेमकं काय केलं तेवढंच सांगा. चिकाटी ठेवा असं कृपया कुणी सांगू नका, चिकाटी आहे.

सह्यभटक्या
परीक्षा कधी आहे? डेल्फ ए२ (त्या पातळीची फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा) असेल तर ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी २५ गुणांचं. एकूण ५० मिळाले की पास, फक्त एकाही भागात ५च्या खाली जायचं नाही. म्हणजे ऐकण्यात दहा मिळाले तरी लिहिण्या-वाचण्यात भरून निघतात. मी तसाच पास झालो. एवढं टेन्शन घेऊ नका.

आजोबा६२
कॅनडाला जायला फ्रेंचची परीक्षा लागत असेल तर टीईएफ कॅनडा द्यायची की टीसीएफ कॅनडा, हे आधी ठरवा. दोन्हींचे निकाल दोनच वर्षं चालतात, त्यामुळे घाईने देऊन ठेवू नका. माझ्या भाच्याने घाई केली आणि फॉर्म भरेपर्यंत मुदत संपली. परत फी भरावी लागली.

राजगिरा
पुण्यात असाल तर जर्मन का नाही घेतलं? कंपन्या जर्मनच मागतात, आणि जर्मन जसं लिहिलंय तसं बोलतात. फ्रेंचमध्ये निम्मी अक्षरं नुसती शोभेला.

सह्यभटक्या
@राजगिरा त्या ए२पर्यंत पोचल्यात, आता भाषा बदलायला सांगताय?

राजगिरा
पर्याय सांगितला. सक्ती केलेली नाही.

झुळूक
परीक्षा नाही, कॅनडा नाही, पुणंही नाही. मी फ्रान्समध्ये तुलूझला राहते. नवऱ्याची नोकरी इथे आहे. लेक साडेतीन वर्षांचा, सप्टेंबरपासून एकोल मातेर्नेलमध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत जातो. दुपारी साडेचारला दारात बाई येतात आणि प्रत्येक आईला दोन वाक्यांत दिवस सांगतात. गेल्या गुरुवारी मला ऐकू आलं 'व्हुलू दोर्मीर'. मला वाटलं, त्याला झोपायचं होतं, झोपला असेल. मी मेर्सी मेर्सी म्हणून आले. रात्री तो रडून बेजार. दुसऱ्या दिवशी वहीत बाईंनी लिहून दिलं तेव्हा कळलं, तो दुपारी झोपायला तयारच नव्हता, आईसाठी रडत होता. तीच गोष्ट त्यांनी मला आदल्या दिवशी तोंडाने सांगितली होती आणि मी हसून निघून आले होते. म्हणून घाई आहे.

सह्यभटक्या
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं! माझा सल्ला मागे घेतो.

दर्याकिनारा
मी तुलूझमध्येच सहा वर्षं काढली. तुमचा कान खराब नाहीये. पुस्तकात नकार दोन तुकड्यांत शिकवतात, 'न' आणि 'पा'. बोलताना 'न' कुणी म्हणत नाही. बाई 'इला पा व्हुलू दोर्मीर' म्हणाल्या असणार. तुम्ही 'न'ची वाट बघत राहिलात, तो आलाच नाही, आणि एवढासा 'पा' निसटला. 'मला माहीत नाही'चंही तसंच, 'झ न से पा'चं 'शे पा' होतं. आणि तिकडच्या हेलात 'पँ'चं (पाव) 'पँग' होतं, शेवटचा 'अ' सुद्धा म्हणतात. तुमची शिकवणी घेणारी व्यक्ती पॅरिसची असेल तर तिच्या तोंडी हे येणारच नाही.

निळीशाई
मी दहा वर्षं फ्रेंच शिकवते. ॲप बंद करा आणि मराठीतून विचार करा, इंग्रजीतून नको. फ्रेंचचे दोन भूतकाळ घ्या: 'मी गेलो' म्हणजे पासे कोंपोझे, 'मी जायचो' म्हणजे अँपार्फे. इंग्रजीत हा फरक धूसर आहे, आपल्याकडे लख्ख आहे. 'ती गेली'मध्ये आपण क्रियापद बदलतो, तेही 'आले'ला (फ्रेंचमध्ये 'गेलेला') ती असेल तर लिहिताना एक 'ई' जोडतात. हे एकदा बसलं की काळ चुकत नाही.

दर्याकिनारा
@निळीशाई लिहायला उत्तम, पण त्यांचा प्रश्न ऐकण्याचा आहे. 'झे माँझे', मी खाल्लं, आणि 'झ माँझे', मी खायचे, शाळेच्या दारातल्या गोंगाटात सारखेच ऐकू येतात. ती जोडलेली 'ई' तर उच्चारतच नाहीत. तिथे 'इयेर' आला की काल, 'आव्हाँ' आला की पूर्वी, असं धरूनच चालावं लागतं.

निळीशाई
पाया नसेल तर ऐकून काय धरणार? माझे विद्यार्थी व्याकरण पक्कं झाल्यावरच ऐकायला लागले.

राजगिरा
आणि सत्तरला साठ-दहा म्हणणाऱ्यांचा पाया कुणी पक्का करायचा? बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सरळ 'सेप्ताँत' म्हणतात.

झुळूक
व्याकरण आहे हो माझं. @दर्याकिनारा, मग करू काय? रोज किती वेळ?

दर्याकिनारा
वीस मिनिटं, पण रोज. आरएफआय या रेडिओची सोप्या फ्रेंचमधली बातमीपत्रं आहेत, दहाएक मिनिटांची, सोबत मजकूरही मिळतो. त्यातलं फक्त एक मिनिट घ्यायचं. मजकूर न बघता तीनदा ऐका, ऐकू येईल ते वहीत लिहा, कळलं नाही तिथे रेघ सोडा. मग मजकूर उघडून लाल पेनाने भरा. माझ्या वहीत पहिले पंधरा दिवस मोठे शब्द बरोबर आणि 'पा', 'इ', 'आँ' सगळे लाल होते. महिन्याभराने लाल कमी झालं. हे जड गेलं तर टीव्ही५माँदच्या साइटवर ए१पासून बी२पर्यंत फुकट सराव आहे, तिथे ए१लाच परत जा, कमीपणा मानू नका. आणि बाईंना सांगा, 'प्लू लाँतमाँ, सिल व्हू प्ले', म्हणजे कृपया जरा हळू. त्या चिडत नाहीत. मेदियातेकमध्ये (सार्वजनिक वाचनालयात) गप्पांचे गट असतात का, तेही विचारून या.

सह्यभटक्या
तुलूझमध्ये पँ ओ शोकोला (चॉकलेट भरलेला गोड पाव) मागितलं तर दुरुस्त करतात म्हणे?

दर्याकिनारा
तिथे शोकोलातीनच म्हणायचं. त्यावर ते लोक खरंच हट्टी आहेत.

आजोबा६२
कॅनडाबद्दल काही लागलं तर भाच्याला विचारून सांगतो.

झुळूक (तीन आठवड्यांनी)
रोज एक मिनिट लिहितेय. काल बाईंना हळू बोला म्हटलं तर त्यांनी माझ्या हाताला हात लावून परत सांगितलं. 'इला पा फिनी सा सूप', सूप संपवलं नाही. 'पा' मी पकडला! घरी येऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं. पण आज सगळ्या आयांना काहीतरी घाईने सांगत होत्या, 'इया दे पू दाँ ला क्लास'. 'प' म्हणजे थोडं, हे माहीत आहे, पण इथे वर्गात थोडं काय आहे ते लागत नाहीये. वहीत अजून काही आलेलं नाही.

दर्याकिनारा
तो 'प' नाही, 'पू'च आहे. ओठ चंबू करून म्हणतात तो. पू म्हणजे उवा. वर्गात उवा झाल्यात. लेकाचं डोकं आजच बारीक फणीने बघा, उशीचे अभ्रे गरम पाण्यात धुवा, आणि सापडल्याच तर फार्मसीत जाऊन तोच शब्द सांगा.