टू-स्ट्रोक डर्ट बाईकचं प्रीमिक्स: रेशो किती ठेवायचा आणि कॅनमध्ये किती दिवस टिकतं?

चिखलवाट_सातारा
नमस्कार मंडळी. जुनी यामाहा वायझेड १२५ घेतलीय, सेकंडहँड, इंजिन नुकतंच खोलून पिस्टन-रिंग नवीन टाकून घेतलंय. घरात आधीपासून आरएक्स १०० आहे पण तिला ऑटोलूब, ऑइल वेगळ्या टाकीत ओतलं की पंप आपलं आपण बघतो, त्यामुळे हाताने पेट्रोल-ऑइल मिक्स करायची वेळ कधी आलीच नाही. वायझेडला पंपच नाही, सगळं मिक्स करूनच टाकायचं. आधीचा मालक म्हणाला "टाका अंदाजे चाळीसला एक", एक मित्र म्हणतो ३२:१, आणि इथला गॅरेजवाला म्हणतो नवीन पिस्टन आहे तर सेफ्टीसाठी २०:१ टाक, ऑइल जास्त झालं तर इंजिनला काय होत नाही. नक्की कुणाचं ऐकू?

दुसरं म्हणजे मी फक्त रविवारी चालवतो. पंपावर आता सगळीकडे ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. कॅनमध्ये उरलेलं मिक्स पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी चालतं का? आणि जुलै-ऑगस्टमध्ये गाडी बंदच राहणार, तेव्हा काय करायचं? जरा सविस्तर सांगा, इंजिनला परत खर्च करायची ताकद नाही आता.

आरएक्सवाला_कोल्हापूर
भावा पहिलं म्हणजे अंदाजे हा शब्दच काढून टाक. वायझेड १२५ ला कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ३०:१ आहे. केटीएम १२५ एसएक्सला ४०:१, म्हणजे प्रत्येक गाडीचं वेगळं असतंय, मित्राच्या गाडीला चालतंय म्हणून तुझ्या गाडीला चालंल असं नाही.

हिशोब सोपा आहे, १००० ला रेशोने भागायचं, एका लिटरला तेवढे मिली. ३०:१ ला साधारण ३३ मिली, ३२:१ ला ३१, ४०:१ ला २५, ५०:१ ला २०. पाच लिटर करणार असशील तर ३०:१ ला १६७ मिली. ३० आणि ३२ मध्ये पाच लिटरला दहा-अकरा मिलीचाच फरक, त्यावर भांडायची गरज नाही. पण बाटलीच्या टोपणाने मोजलंस तर त्याच्यापेक्षा मोठी चूक होती. मेडिकलमधनं ५० मिलीची सिरिंज आण, सुई नको, किंवा मिलीच्या खुणा असलेला मेजरिंग कप, आणि तो फक्त ऑइललाच ठेव.

मिसळताना आधी कॅनमध्ये थोडं पेट्रोल, त्यात मोजलेलं सगळं ऑइल, झाकण लावून चांगलं हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, परत हलवायचं. कप शेवटी पेट्रोलनेच धुवून कॅनमध्ये ओत म्हणजे भिंतीला चिकटलेलं ऑइल पण आत जातंय. थेट गाडीच्या टाकीत ऑइल ओतून गाडी हलवत बसू नको, ऑइल खाली कॉकपाशी जाऊन बसतंय आणि सुरुवातीला सगळा धूर. ऑइल जासो एफडी (जपानी ऑइल स्टँडर्डचा दर्जा) लिहिलेलं घे, एफबी स्कूटरला ठीक आहे, ह्या गाडीला नको. आणि एकच ब्रँड धरून ठेव.

टूस्ट्रोक_काका_पुणे
कोल्हापूरकरांनी हिशोब बरोबर दिलाय. मी फक्त त्या २०:१ बद्दल बोलतो कारण हा गैरसमज मी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं ऐकतोय आणि त्याने चांगली इंजिनं गेलेली बघितलीत.

ऑइल वाढवलं म्हणजे इंजिन सेफ झालं असं होत नाही बाळा. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या नळीतून, जे जातं ते पेट्रोल आणि ऑइल मिळून जातं. जेट तोच ठेवून ऑइल वाढवलंस की त्याच भोकातून पेट्रोल कमी जाणार, वर मिक्स घट्ट झाल्याने वाहतं पण हळू. पेट्रोल कमी, हवा तेवढीच, म्हणजे मिक्श्चर लीन झालं. लीन म्हणजे गरम. ऑइल जास्त असूनही पिस्टन वरून तापतोय, असं उलटं गणित होतं. त्यामुळे रेशो एकदा ठरव, त्यावर जेटिंग करून घे, म्हणजे योग्य मापाचे जेट बसवून घे, आणि मग रेशोला हात लावू नकोस. नव्या पिस्टनला सेफ्टी मिळते ती गाडी नीट गरम होऊ देण्यात आणि सुरुवातीला फुल थ्रॉटल न धरण्यात, जास्तीच्या ऑइलमध्ये नाही.

ई२० चं पण तेच. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जाळायला हवा कमी लागते. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९, आणि ई२० ला साडेतेराच्या आसपास. जुन्या पेट्रोलवर सेट केलेला मेन जेट (फुल थ्रॉटलला पेट्रोल देणारा) ई२० वर जवळपास आठ टक्के लीन पडतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतो, कार्बोरेटरला कोण सांगणार? म्हणून मेन जेट एक-दोन नंबर मोठा लागतो. नवीन प्लग लावून मोकळ्या सरळ रस्त्यावर टॉप गिअरला फुल थ्रॉटल धर, तिथेच क्लच दाबून किल स्विच मार, गाडी तशीच थांबू दे आणि प्लग काढून आत पोर्सेलिनच्या मुळाशी रंग बघ. पांढरा दिसला तर चालवू नकोस, आधी जेट बदल. तपकिरी हवा.

चिखलवाट_सातारा
काका खूप खूप आभार, हे जेटचं कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे आता ३०:१ फिक्स, त्यावर प्लग बघून जेट. साठवण्याचं पण सांगा ना कुणीतरी.

सागरवारा_रत्नागिरी
साठवण्याचं मी सांगतो, कारण आमच्याकडे हवेतच पाणी आहे आणि हा त्रास कोकणात सगळ्यात आधी दिसतो.

इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडं पाणी ते सामावून घेतं, तोपर्यंत काही दिसत नाही. प्रमाण एका हद्दीबाहेर गेलं की, आणि रात्री गारवा आला की लवकरच, इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. खरा धोका आता ऐक. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, पेट्रोलमध्ये विरघळतं, त्या पाणी-इथेनॉलमध्ये नाही. म्हणजे ऑइल राहतं वरच्या थरात आणि टाकीचा कॉक ओढतो तळातून. इंजिनला ऑइलशिवायचा माल जातो. तू ३०:१ मोजून टाकलंस तरी पिस्टनपर्यंत पोचलं शून्य. रेशोवर पानंच्या पानं वाद होतात आणि इंजिन सीझ होतं, म्हणजे पिस्टन अडकून बसतो, ते ह्या तळाच्या थरामुळे.

बघायचं असेल तर कॅनमधलं थोडं काचेच्या बरणीत काढ आणि उजेडात धर. सगळीकडे ऑइलचा रंग सारखा दिसला आणि आरपार स्वच्छ असलं तर ठीक. गढूळ दुधट झालं किंवा तळाला फिकट थर दिसला तर ते हलवून परत वापरायचं नाही, हलवल्यावर मिसळल्यासारखं वाटतं पण परत खाली बसतं.

माझा नियम, पावसाळ्याबाहेर दोन ते तीन आठवडे, तेही कॅन वरपर्यंत भरलेला आणि झाकण घट्ट असेल तर. कॅनमध्ये मोकळी हवा जेवढी जास्त तेवढा ओलावा जास्त आणि पेट्रोलमधला हलका उडणारा भागही त्यात निघून जातो, मग गाडी किक मारून मारून चालू होत नाही. फक्त विस्तारायला वर थोडी जागा सोड. पावसाळ्यात मी त्याच दिवसापुरतं करतो. जुन्या मिक्समध्ये नवीन ओतायचं नाही. कॅनवर मास्किंग टेप लावून तारीख आणि रेशो लिहून ठेव.

आणखी एक, आमच्याकडे मच्छीमार बोटींच्या आउटबोर्ड इंजिनांचं टू-टी सहज मिळतं, त्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. ते ह्या गाडीत नको. ते इंजिन समुद्राच्या गार पाण्यावर थंड राहतं आणि निम्म्या आरपीएमला चालतं, वायझेड दहा हजाराच्या वर जाते.

डोंगरवाट_नाशिक
कॅनबद्दल. प्लास्टिक नको, पाण्याची बाटली तर अजिबात नको. पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येतं, पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात, धातूचं असेल तर एक भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको आणि काचेचं असेल तर एक लिटरपेक्षा. धातूचा पाच-दहा लिटरचा जेरीकॅन घे.

भरताना कॅन गाडीच्या डिकीत किंवा टेम्पोत ठेवून भरू नको, खाली जमिनीवर ठेव आणि पंपाचा नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून धर, स्टॅटिक चार्जची ठिणगी तिथेच पडते. घरात गॅस, देव्हाऱ्याचा दिवा, इन्व्हर्टर यांच्या जवळ ठेवू नको. आणि उन्हात बंद कारमध्ये कॅन सोडून जेवायला जाऊ नको.

ई२० नको असेल तर १०० ऑक्टेनवालं महाग पेट्रोल घ्यायच्या आधी त्यात इथेनॉल आहे का ते टेस्ट कर. ऑइल न घातलेलं पेट्रोल घे. १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल, हलवून दहा मिनिटं ठेव. खालचा थर १० च राहिला तर इथेनॉल नाही. ई२० असेल तर तो २७-२८ पर्यंत चढतो.

चिखलवाट_सातारा
आजच केली टेस्ट. पंपावरच्या साध्या पेट्रोलला खालचा थर २७ च्या जरा वर गेला. डोळ्याने बघितल्यावर पटलं. जेटचा सेट मागवला आणि लोखंडी कॅन पण. शेवटचं विचारतो, जुलै-ऑगस्टला टाकी भरून ठेवू की रिकामी?

टूस्ट्रोक_काका_पुणे
वायझेडची टाकी प्लास्टिकची, गंजायचा प्रश्न नाही, पूर्ण रिकामी कर. कॉक बंद करून कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलचा (खालच्या पेट्रोलच्या वाटीचा) स्क्रू काढून तेही निथळून घे, नाहीतर पायलट जेट (कमी थ्रॉटलचा बारीक जेट) चिकटून बसतो. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल टाक, चार-पाच वेळा हळू किक फिरव, प्लग परत लाव, आणि सायलेन्सरच्या तोंडाला फडकं कोंब. चालू करायच्या आधी ते काढायची आठवण म्हणून हँडलला चिठ्ठी बांध. आरएक्सची टाकी पत्र्याची आहे, तिला अर्धवट पेट्रोलवर ठेवू नकोस, आतून गंजते. ती आठवड्यातून एकदा चालवलीस तर उत्तम. काढलेलं जुनं मिक्स गटारात ओतू नकोस, गॅरेजमध्ये जळक्या ऑइलच्या ड्रममध्ये चालेल का ते विचारून दे.