मदत हवी आहे : औषधाच्या काउंटरवर ‘तो’ प्रश्न कसा विचारायचा?

नमस्कार. मी फार्मासिस्ट आहे, बारा वर्षं काउंटरवर काढली. पुढच्या महिन्यात सहकाऱ्यांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. विषय : मानसिक संकटात सापडलेला माणूस समोर उभा असेल तर आपण काय करायचं. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक किंवा असं प्रशिक्षण घेतलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

हा विषय माझ्या मनात का रुतलाय ते सांगते. एक गृहस्थ दर महिन्याला नैराश्याच्या गोळ्या न्यायला येत. एकदा महिना संपायच्या आधीच आले आणि ‘तीन महिन्यांच्या एकदम मिळतील का?’ म्हणाले. बोलताना चिठ्ठीची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते. घडीवर कागद फाटायला आला होता. मी सांगितलं, चिठ्ठी एकाच महिन्याची आहे. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, ‘बाकी सगळं ठीक ना?’ ‘हो, ठीक,’ म्हणाले. मागे रांग होती. ते गेले. पुढचे कितीतरी दिवस मी दाराकडे बघत होते. ते आले, सुखरूप आले, आणि मी पुन्हा नुसत्या गोळ्या मोजून दिल्या.

लिथियम हे मनोविकारावरचं औषध घेणाऱ्याने रक्ततपासणी का चुकवायची नाही, नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि नेमका तेवढ्यातच माणूस धीर सोडतो, पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीला जास्त लक्ष का ठेवायचं, हे सगळं मला पाठ आहे. आत्महत्येचे विचार मनात येतात का, हे विचारायचं ते एक वाक्य तेवढं कुणी शिकवलं नाही.

वाचन केलंय. ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’ हा अभ्यासक्रम २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी सुरू केला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१६ च्या कायद्याने फार्मासिस्टना आत्महत्या-प्रतिबंधाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. ब्रिटनमध्ये १९९८ साली पॅरासिटामॉलच्या पाकिटातल्या गोळ्या कमी केल्या, तर त्या औषधाने होणारे मृत्यू घटले. म्हणजे आपल्या हातातून काय आणि किती जातं, यावर जीव वाचू शकतो.

अडतंय ते मराठीत. दोन सहकाऱ्यांबरोबर तालीम करून पाहिली, तर तिघांच्याही तोंडून एकच निघालं, ‘तसलं काही मनात नाही ना?’ त्या ‘नाही ना’मध्ये उत्तर आधीच भरवलेलं आहे, समोरच्याने फक्त मान हलवायची. मग सरळ विचारायचं ते कोणत्या शब्दांत? ‘आत्महत्या’ म्हणायचं का? ‘हो’ आलं तर पुढे काय? आणि तालमीत रुग्ण कुणी व्हायचं?

प्रतिसाद

मी मनोविकार विभागात समाजसेविका आहे. ‘नाही ना’ अगदी बरोबर पकडलंत. आम्ही असं विचारतो : ‘इतका त्रास होत असला की काही जणांच्या मनात जीव संपवायचे विचार येतात. तुमच्या मनात येतात का?’ आणि मग गप्प बसायचं. ते गप्प बसणंच सगळ्यात अवघड, तालीम त्याचीच जास्त घ्या. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती काढून टाका, संशोधनात तिला आधार मिळालेला नाही.

‘हो’ आलं तर आधी ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणा. मग कसं करायचं ते ठरवलंय का, विचारा. ठरवलं असेल तर एकटं सोडू नका, त्यांच्यासमोरच आपत्कालीन सेवेला किंवा हेल्पलाइनला फोन लावा, जवळचं माणूस येईपर्यंत बसवून ठेवा. डॉक्टरांशी बोलून गोळ्या आठवड्या-आठवड्याने देता येतात. घरात जुनी औषधं साठली आहेत का, हे तर तुमच्याइतकं सहज दुसरं कुणीच विचारू शकत नाही. असतील तर परत आणून द्यायला सांगा.

रुग्णाची भूमिका सहकाऱ्याला देऊ नका, ओळखीच्या तोंडासमोर हसू फुटतं. नाटकात काम करणारं कुणी मिळालं तर उत्तम. आणि सुरुवातीलाच सांगून ठेवा, कुणाला मध्येच उठून जावंसं वाटलं तर खुशाल जावं. खोलीतल्या कुणाच्या घरात हे घडून गेलेलं असतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. तुमचं वाक्य काल रात्री आरशासमोर कितीदा तरी म्हटलं. ‘जीव’ शब्दाशी अजून अडखळते. एक राहिलंच : मागे रांग आहे, जोडीला एकच मदतनीस आहे. अशा वेळी त्या माणसाला काय म्हणून बाजूला घ्यायचं, की रांगेतल्या नजरा त्याच्याकडे वळणार नाहीत?