हातावर पोट असलेल्याने ताप आला की घरी बसायचं कसं? (नव्या साथी आणि असंघटित काम)

सहज_विचारलं

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हटलं इथे टाकून बघावं. परवा एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवीन व्हायरस, पुढची साथ वगैरे विषय निघाला आणि एकाने ठोकून दिलं की गरीब देशांत साथी आटोक्यात येत नाहीत त्याला तिथली माणसंच जबाबदार, फेरीवाले, बिगारी, भंगारवाले, कोणी नियम पाळत नाही, अंगात ताप असला तरी कामावर जातात आणि चार जणांना देऊन येतात. मी म्हटलं अरे बाबा घरी बसला तर खाणार काय, तर म्हणे थोडे पैसे बाजूला टाकायला काय होतं. पुढे भांडायला माझ्याकडे ठोस काही नव्हतं म्हणून गप्प बसले.

तर जाणकारांना विचारते. इबोला, मारबर्ग, कोविड असल्या साथी आणि हे असंघटित काम यांचा खरंच संबंध आहे, की दोन्ही गोष्टी गरीब देशांत दिसतात म्हणून आपल्याला तसं वाटतं? आणि घरी बसायचे पैसे सरकारने द्यायचे म्हटलं तरी ज्यांची कुठे नोंदच नाही त्यांना शोधायचं कसं, हे कुठे जमलंय का? 'जनजागृती हाच उपाय' छाप प्रतिसाद प्लीज नकोत.

निशाचर_वाचक

संबंध आहे आणि दोन्ही बाजूंनी आहे. आपण बोलतो ते फक्त अर्धं, की साथ आली आणि रोजंदारी बुडाली. पण साथ सुरू कुठून होते तेही बघा ना.

काँगोमध्ये दुर्बा म्हणून गाव आहे, तिथे १९९८ ते २००० मारबर्गची साथ चालली. इबोलाचाच भाऊबंद. १५४ जणांना लागण, त्यातले १२८ गेले. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण गोरुम्ब्वा नावाच्या सोन्याच्या खाणीत चोरून उतरणारे खाणकामगार होते, आणि त्या खाणीत वटवाघळांची वस्ती, हा व्हायरस त्यांच्याकडूनच माणसात येतो. नंतर रुग्णांच्या नमुन्यांतला व्हायरस तपासला तर तो एकाच प्रकारचा नव्हता, वेगवेगळे बरेच प्रकार सापडले, म्हणजे एकाने बाहेर आणला आणि पसरला असं नाही, तर खाणीतून पुन्हा पुन्हा नव्याने माणसात येत होता. कारण माणसं पुन्हा पुन्हा खाली उतरत होती. शेजारचा माणूस मेलेला बघूनही. आणि साथ थांबली कशी, तर खाणीत पाणी भरलं. औषध नाही, लस नाही, पाणी.

याच्या पुढचा किस्सा युगांडाचा. २००७ मध्ये किताका खाणीतल्या कामगारांना मारबर्ग झाला, तर लोकांनी खाणीतली वटवाघळं मारूनच टाकली. काही वर्षांनी वटवाघळं परत आली आणि त्यांच्यात लागणीचं प्रमाण आधीपेक्षा जास्त निघालं! २०१२ मध्ये जवळच्याच भागात परत साथ.

अलीकडचं हवं असेल तर एमपॉक्स, म्हणजे आधी ज्याला मंकीपॉक्स म्हणायचे तो. त्याचा जो नवा प्रकार २०२३ मध्ये काँगोत सापडला आणि ज्याच्या धास्तीने जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०२४ मध्ये आणीबाणी जाहीर केली, तो कामितुगा या सोन्याच्या खाणीच्या गावातून पुढे आला. खाणमजूर आणि देहविक्री करणाऱ्या बायका, दोघांचीही कुठे नोंद नाही, दोघंही काम मिळेल तिकडे सरकणारे.

उंटावरचा_शहाणा

लेखन आवडलं पण जरा ब्रेक लावतो. कोविड जगभर विमानाने फिरला, हातगाडीने नाही. २००३ चा सार्स हाँगकाँगच्या एका हॉटेलातून कॅनडा, सिंगापूर, व्हिएतनामला गेला, ते लोक काय बिगारी होते का. त्यामुळे गरीब पसरवतात हे तर चूकच, पण दुसऱ्या टोकाला जाऊन सगळ्याला पोटाचं कारण लावायचं हेही मला पटत नाही. नियम मोडायला श्रीमंतही पुढे असतात, आणि पैसे मिळाले तरी बाहेर फिरणारे मी पाहिलेत. शेवटी कडक बंदोबस्त केला तर साथ थांबते, हे कुणी नाकारू शकतं का?

निशाचर_वाचक

@उंटावरचा_शहाणा विमानाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बंदोबस्ताचा नाही.

पेरू बघा. २०२० च्या मार्चमध्येच कडक लॉकडाऊन, कितीतरी देशांच्या आधी, रस्त्यावर लष्कर. तरी लोकसंख्येच्या मानाने मृत्यूंमध्ये पेरू जगात अगदी वर गेला. दवाखान्यांची अवस्था, ऑक्सिजनचा तुटवडा ही कारणं होतीच, पण दहातल्या साधारण सात जणांचं काम असंघटित, कित्येक घरांत फ्रिज नाही, म्हणजे आठवड्याचं सामान एकदम भरून ठेवता येत नाही, रोज बाजारात जावंच लागतं. सरकारने मदत जाहीर केली तर बऱ्याच लोकांचं बँक खातंच नाही, मग ती रोख घ्यायला बँकेबाहेर रांगा. घरी बसायचे पैसे घ्यायला गर्दीत उभं राहायचं! बाजार आणि बँका हीच लागण व्हायची ठिकाणं होऊन बसली.

आणि लायबेरिया. ऑगस्ट २०१४, मन्रोव्हियातली वेस्ट पॉइंट झोपडपट्टी. इबोलासाठी म्हणून अख्खी वस्ती रातोरात तारा लावून बंद केली, ना बाहेर धंद्याला जाता येतंय ना आत धान्य येतंय, आतल्या किमती भडकल्या. लोक तारांवर धावून गेले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, एक कोवळा पोरगा जीवानिशी गेला. दहा दिवसांत बंदी उठवावी लागली. इबोलात संपर्कात आलेल्या माणसावर २१ दिवस लक्ष ठेवायचं असतं, म्हणजे हा बंदोबस्त निम्म्यापर्यंतही टिकला नाही. वर लोकांचा विश्वास गेला तो वेगळाच, मग घरात आजारी माणूस असला तरी कोण सांगेल?

पाळीचा_माणूस

मी अभ्यासक वगैरे नाही पण हा 'ताप असून कामावर येतात' मुद्दा मी जवळून बघितलाय म्हणून लिहितो. कोविडच्या काळात मी एका गोडाऊनवर सुपरवायझर होतो, नाव राहू दे. कामगार सगळे कंत्राटदाराचे, रोजचा रोज हिशोब. गेटवर ती ताप मोजायची बंदूक आली होती, कपाळाला लावायची, ताप दिसला की परत घरी. पगार नाही. सगळे म्हणायचे काय मस्त सोय केली कंपनीने.

आठवड्यात लोकांनी त्यावर उतारा शोधला. निघताना पॅरासिटामॉलची गोळी, आणि गेटच्या अलीकडे नळ होता तिथे रुमाल ओला करून कपाळावर धरून उभं राहायचं, नंबर आला की पुसून पुढे. एकदा एक पोरगा समोर आला, कपाळ थंडगार, बंदूक ३५ दाखवतेय आणि डोळे लालभडक, उभं राहवत नव्हतं त्याला. मी त्याला बाजूला घेतलं तर हात जोडून म्हणाला साहेब आजचा दिवस भरू द्या, उद्या येत नाही. आता मला सांगा तो नियम मोडत होता का? होता. मी भरू दिला का? तेही सांगतो, दिला. त्या दिवशी माणसं कमी होती आणि गाडी भरायची होती. त्यामुळे 'हे लोक' म्हणताना माझ्यासारख्याला पण त्यात धरा.

तो नळ नंतर कुणीतरी बंद करून टाकला. मग लोक बाटलीतून पाणी आणायला लागले.

हिशोबी_मावशी

पाळीचा_माणूस, हे लिहायला हिंमत लागते, बरं केलंत लिहिलंत ते.

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी पसारा किती आहे तो बघा, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात असंघटित कामात २०० कोटी माणसं धरली होती, जगातल्या काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के. म्हणजे हेच खरे 'सगळे', पगारी रजावाले आपण अपवाद. त्याच संघटनेने २०२० मध्ये अंदाज दिला होता की संकटाच्या पहिल्या महिन्यात या लोकांची कमाई सरासरी ६० टक्क्यांनी घटली. असल्यांना 'थोडे बाजूला टाका' म्हणणाऱ्याने एकदा स्वतः टाकून दाखवावं.

पैसे पोचवायचं म्हणाल तर टोगो. छोटासा देश, पण एप्रिल २०२० मध्ये त्यांनी 'नोविसी' म्हणून योजना काढली आणि मला ती फार आवडते. अर्ज साध्या फोनवरून नंबर डायल करून, इंटरनेट नको, कार्यालयात खेटे नकोत. माणूस शोधायला त्यांनी नुकतीच ताजी झालेली मतदारयादी घेतली कारण तिच्यात व्यवसाय लिहिलेला होता. पात्र असलात की पैसे थेट मोबाईलच्या खात्यात, आणि बायकांना पुरुषांपेक्षा थोडे जास्त. अर्थात ज्याचं मतदार कार्ड नाही तो बाहेरच राहिला. रक्कमही काही फार नव्हती. पण पेरूतल्या बँकेच्या रांगेशी तुलना करा म्हणजे कळेल.

ब्राझीलने महिन्याला ६०० रेआल (तिथलं चलन) दिले, एकट्या आईला दुप्पट, साडेसहा कोटींच्या वर लोकांना. म्हणजे मोठ्या देशालाही जमतं. मात्र काही ठिकाणी मदतीच्या नावाखाली कर्ज देतात, त्याचं मला भारी नवल वाटतं, साथीत धंदा बुडाला म्हणून आणखी देणं डोक्यावर.

अवांतर: २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने इजिप्तने देशातली सगळी डुकरं मारायचा हुकूम काढला, तीन लाखांच्या आसपास, आणि तेव्हा देशात एकही रुग्ण नव्हता. कैरोतले कचरा वेचणारे झब्बालीन ओला कचरा याच डुकरांना घालायचे. डुकरं गेली, मग ओला कचरा उचलून करायचं काय, तो रस्त्यावर साचायला लागला. ज्यांना सरकार दरबारी कोणी मोजत नव्हतं, ते शहराचं किती काम करत होते ते असं कळलं.

उंटावरचा_शहाणा

डुकरांचं माहीत नव्हतं. बंदोबस्ताबद्दलचं वाक्य मी मागे घेतो, विमानाचं नाही घेत.

सहज_विचारलं

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दुर्बाची खाण आणि पेरूची रांग दोन्ही ग्रुपवर टाकलं, त्या गृहस्थांनी अंगठा दिला आणि क्रिकेटवर गेले.

@पाळीचा_माणूस, त्या पोराचं पुढे काय झालं?

पाळीचा_माणूस

माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. नंतर आरोग्य खात्याचे लोक यादी मागायला आले, कोण कोणाच्या संपर्कात आलं म्हणून, तर आमच्या वहीत त्या दिवसापुढे फक्त आकडा होता, माणसं १४. नावं कंत्राटदाराकडे असतील म्हटलं, आणि कंत्राटदार फोन उचलत नव्हता.