डेटाचाही काटा मारतात का?

संत्रावाला, वरूडजवळ:
भाऊ, कोणी समजावून सांगाल का? आमच्या गावात केबलवाल्याचं फायबर आहे. प्लॅन 500 जीबीचा, संपला की स्पीड 1 एमबीपीएस. आजवर दरमहा अडीचशे जीबीच्या आत भागायचं. यावेळी 18 तारखेला सकाळीच मेसेज आला, डेटा संपला. घरात मी, बायको, आई अन् बारावीतला पोरगा. पोरगा क्लासचे व्हिडिओ पाहते, आई संध्याकाळी टीव्हीवर कीर्तन लावते. एवढ्यात 500 जीबी गेले कुठं? राऊटरमध्ये शिरून पाहिलं तर तिथं 11 जीबी दाखवून राहिलं, कंपनीच्या ॲपमध्ये 500. केबलवाला म्हणे, "आकडा वरूनच येते." जिनिंगवर कापसाला काटा मारतात तेव्हा निदान गाडी डोळ्यासमोर तरी असते. हे बाइट कोणाच्या तराजूत मोजतात?

खांबावरचा:
आठ वर्षं अशाच लाईनी जोडल्या, म्हणून बोलतो. राऊटरचा आकडा सोडा. लाईट गेली की बहुतेक राऊटर मागचं सगळं विसरतात अन् शून्यापासून मोजतात. तुमचे 11 जीबी हे शेवटची लाईट आल्यानंतरचे असतील.

कंपनी तिच्या टोकाला मोजते. राऊटर युजरनेम-पासवर्ड देते तिथून सेशन, म्हणजे एक जोडणी, उघडतं, अन् ते बंद होईपर्यंत किती बाइट आले, किती गेले हा आकडा थोड्या थोड्या वेळानं हिशेबाच्या सर्व्हरकडे जात राहतो. 'गेले' हा शब्द धरून ठेवा. लोक फक्त डाउनलोड धरतात, पण बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोडही त्याच कोट्यातून कापतात. या महिन्यात घरात नवीन काय लावलं?

आर्वीकर:
एक बारीक गोष्ट. केबी, एमबी, जीबी ही प्रत्येक पायरी कंपनी 1000 ची धरत असेल अन् तुमचं यंत्र 1024 ची, तर तिकडच्या 500 चे इकडे 466 च दिसतात. त्यानं तुमचा घोळ मिटत नाही म्हणा. दुसरं, 2023 च्या जानेवारीत सरकारनं ब्रॉडबँडची किमान मर्यादा 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएस केली. तुमच्या बिलावर ब्रॉडबँड छापलं असेल तर 1 एमबीपीएस कसं देता म्हणून विचारा.

संत्रावाला, वरूडजवळ:
नवीन म्हणजे कॅमेरे लावले ना, दोन! बाग घराला लागूनच आहे, आंबिया बहार झाडावर आहे, मागच्या साली एका रात्रीत चार झाडं खाली केली कोणीतरी. पण कॅमेरे काहून नेट खातील? मी तर दिवसातून दोनदाच पाहतो.

खांबावरचा:
सापडलं बाप्पा. रेकॉर्डिंग क्लाउडवर, म्हणजे नेटवरून दूरच्या सर्व्हरवर, साठत असेल तर तुम्ही पाहा की नका पाहू, ते रात्रंदिवस वर चढत राहते. 1 एमबीपीएसचा एक कॅमेरा 24 तासांत 10.8 जीबी. दोघांचे 17 दिवसांचे 367. उरलेले 133 तुमच्या घरचे, म्हणजे नेहमीचेच.

माझ्यावर विश्वास नका ठेवू. नवीन महिना लागला की एका रात्री राऊटर सोडून सगळं बंद करा, कॅमेरेसुद्धा. रात्री 10 अन् सकाळी 6 ला ॲपचा आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या रात्री फक्त कॅमेरे लावा.

संत्रावाला, वरूडजवळ:
आज 4 तारीख. कृषी केंद्राच्या बिलाच्या पाठीवर चार आकडे लिहिले. पहिल्या रात्री आकडा हललाच नाही. दुसऱ्या रात्री आठ तासांत 7 जीबीच्या वर.

केबलवाल्याला पानठेल्यावर चारचौघांत चोर म्हणून बसलो होतो, त्याला तिथंच चहा पाजला. आता दोन्ही कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड टाकलं, क्लाउडवर फक्त हालचाल झाली तरच. काल रात्री तीनला फोन वाजला, टॉर्च अन् काठी घेऊन धावलो, तर रानडुकरं. 1 एमबीपीएसचं मात्र सोमवारी बिल घेऊन विचारतोच.