शब्दचर्चा: ‘पेटणे’, ‘जळणे’ आणि घन प्रणोदक

प्रश्न: इग्निशनसाठी ‘प्रज्वलन’ रूढ आहे. पण रॉकेटच्या घन प्रणोदकाबद्दल (जळून रॉकेटला ढकलणाऱ्या घन मिश्रणाबद्दल) लिहिताना प्रज्वलन नेमकं केव्हा झालं म्हणायचं? पृष्ठभाग तापला तेव्हा, ज्योत दिसली तेव्हा, की मोटरमधला (प्रणोदक भरलेल्या कवचातला) दाब चढला तेव्हा? शिवाय ‘ग्रेन’ला, म्हणजे मोटरमधल्या प्रणोदकाच्या ठोकळ्याला, ‘दाणा’ म्हणणं खटकतं.

उत्तर: ‘पेट घेणे’ हा आपला प्रयोग इथे चपखल बसतो. ओलं लाकूड काडी धरलेली असेपर्यंत धुमसतं, काडी काढली की विझतं. त्याने पेट घेतला असं कुणी म्हणत नाही. प्रयोगशाळेतली कसोटीही हीच आहे: नमुन्यावर ठरावीक वेळ लेझरचा झोत टाकायचा, मग तो एकदम बंद करायचा. त्यानंतरही नमुना आपला आपण जळत राहिला तरच प्रज्वलन झालं. झोत चालू असताना ज्योत दिसली, एवढं पुरत नाही. झोत फार प्रखर असेल तर पृष्ठभाग लवकर भडकतो, पण त्याखालचा तापलेला थर पातळच राहतो. अशा वेळी झोत काढताच ज्योत विझते. ज्वलनवेग, म्हणजे जळता पृष्ठभाग मागे सरकण्याचा वेग, सेकंदाला ५ ते १० मिलिमीटर असेल, तर स्थिर ज्वलनात हा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा असतो.

पेट कुठे घेतला जातो, यावरच सिद्धान्तांची नावं पडली आहेत. घन-अवस्था सिद्धान्तात उष्णता पृष्ठभागाखालच्या घनातच निर्माण होते. वायू-अवस्था सिद्धान्तात वाफा बाहेर येऊन मिसळतात आणि वर पेटतात. म्हणून भोवतीच्या वायूचा दाब नि त्यातला ऑक्सिजन यांवर पेट घ्यायला किती विलंब लागतो ते ठरतं. तिसरा विषमांगी: घन पृष्ठभाग आणि भोवतीचा ऑक्सिडीकारक (ऑक्सिजनसारखा, दुसऱ्या पदार्थाला जाळणारा) वायू यांची थेट सीमेवरच अभिक्रिया. फ्लोरीनसारख्या वायूत बाहेरची उष्णता न देताही प्रणोदक पेटतो, ते यामुळे.

प्रतिसाद: ‘ज्वलनवेग’ आणि ‘ज्योतीचा वेग’ यांची गल्लत टाळावी. ज्वलनवेग म्हणजे पृष्ठभाग लंब दिशेने किती मागे सरकतो ते. प्रणोदक थराथराने झिजत जातो. व्हिएय यांच्या नियमानुसार हा वेग दाबाच्या n व्या घाताच्या प्रमाणात असतो; n हा त्या-त्या प्रणोदकाचा आकडा. मोटरमधला समतोल (स्थिरावलेला) दाब मात्र जळत्या क्षेत्रफळाच्या १/(१−n) व्या घाताने वाढतो. म्हणून प्रणोदकाला भेग पडून क्षेत्रफळ १० टक्के वाढलं, तर n = ०.५ असताना दाब २१ टक्के चढतो, n = ०.८ असताना तब्बल ६१ टक्के. अशा अपघातात कवच फुटतं, पण बातमीत त्याला ‘प्रणोदकाचा स्फोट’ म्हणणं बहुधा चूक ठरतं. प्रणोदक जळतच असतो. फुटतं ते दाबाखालचं कवच. ‘विस्फोट’ हा शब्द डेटोनेशनसाठी राखून ठेवावा, कारण त्यात आघात-तरंग (दाबाची धक्कादायी लाट) स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून जास्त, वेगाने पदार्थातून जातो.

उत्तर: ‘ग्रेन’ हा शब्द तोफेच्या दारूच्या दाण्यांवरून आला, आज मात्र तो ओतून घडवलेल्या सबंध ठोकळ्याला म्हणतात. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन प्रणोदक पाच खंडांत असतो, त्याला ‘दाणा’ कसं म्हणणार? ‘ग्रेन’ तसाच ठेवावा, आणि त्यातल्या अमोनियम परक्लोरेट या ऑक्सिडीकारकाच्या स्फटिकांना ‘कण’ म्हणावं. ‘घन इंधन’ही टाळलेलं बरं: या मिश्रणात वजनाने सर्वांत जास्त वाटा सहसा ऑक्सिडीकारकाचाच असतो.