आधी प्रोलॅक्टिन बघा
टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी आल्याच्या एका रिपोर्टवर थेट त्याचं इंजेक्शन सुरू करा, असं काहीजण सुचवतात, ते पटलं नाही. सकाळी लवकर, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी रक्त तपासायला द्या. सोबत एलएच, एफएसएच (वृषणांना कामाला लावणारे पिट्यूटरीचे हार्मोन) बघा. हे दोन्ही वाढलेले असतील तर दोष वृषणात. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही ते 'नॉर्मल' दिसले (हा शब्दच फसवतो) तर संशय पिट्यूटरीवर, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवर.

माझं २८ व्या वर्षी असंच झालं. वर्षभर 'ताण आहे' एवढंच ऐकलं. मग प्रोलॅक्टिन (हेही पिट्यूटरीचंच हार्मोन, फार वाढलं की टेस्टोस्टेरॉन दबतं) तपासलं, ते भरमसाट वाढलेलं! एमआरआयमध्ये पिट्यूटरीत छोटी गाठ निघाली. कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन उतरलं आणि टेस्टोस्टेरॉन आपसूक वर आलं. आणि हो, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर शुक्राणू बनणं थांबू शकतं. मूल हवं असेल तर हे आधी विचारा.